लॅब्राडोरचा विमा: पॉलिसी घेण्याआधी कोणती कलमं वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, चौदा महिन्यांची लॅब्राडोर मादी आहे, एकदा हीटवर (माजावर) येऊन गेली आहे, नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही. पेट शॉपमध्ये वर्षाला सहा हजारांच्या आसपासची पॉलिसी सुचवली आहे. वडिलांना ते पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात. लंडनची मावसबहीण मात्र म्हणते की तिच्या कुत्र्याचं सगळं विम्यातून होतं. घरात नऊ वर्षांचा बोकाही आहे. दोघांचा विमा काढावा का, आणि काढायचा तर काय बघून?

आधी उत्तर, मग कारणं. लॅब्राडोरचा काढा आणि याच महिन्यात काढा. बोक्याचा काढू नका. मात्र पेट शॉपमधलं रंगीत पत्रक बघून ठरवू नका. त्या योजनेचं 'पॉलिसी वर्डिंग', म्हणजे सगळ्या अटी-कलमांचा पूर्ण मजकूर, मागवा. ही पीडीएफ कंपनीच्या साइटवरही मिळते आणि तिच्यावर यूआयएन, म्हणजे विमा नियामकाकडचा त्या योजनेचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. यूआयएन नसेल तर तो विमाच नाही. दवाखान्यांची आणि ॲपवाल्यांची 'हेल्थ प्लॅन', 'मेंबरशिप' अशी कार्डं हल्ली बरीच निघाली आहेत. त्यांत लसी आणि नेहमीच्या तपासण्या स्वस्त पडतात, तेवढ्यापुरती ती ठीक आहेत. रात्री अकरा वाजता पोट उघडायची वेळ आली तर ते कार्ड पैसे देत नाही.

आता मुळाशी जाऊ, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. आपल्याकडे कुत्र्याचा विमा हा कायद्याच्या भाषेत आरोग्य विमा नाही. कायद्याच्या लेखी प्राणी ही तुमची मालमत्ता आहे आणि हा विमा गाई-म्हशींच्या पशुधन विम्याच्या घराण्यातला आहे. जनावर दगावलं की बाजारभावाच्या मर्यादेत रक्कम, ओळखीसाठी कानात बिल्ला, पशुवैद्यकाचा दाखला, शवविच्छेदन, असा त्याचा साचा. सरकारी कंपन्यांचा जुना श्वान विमा याच साच्यातला. उपचाराचा खर्च देणाऱ्या योजना खासगी कंपन्यांनी ठळकपणे आणल्या त्या २०२० पासून. पण हाडं जुनीच आहेत. म्हणून आजही 'तुमच्या डॉगीसाठी एक लाखाचं कव्हर' असं लिहिलेल्या पॉलिसीत त्यातले पन्नास हजार मृत्यूपोटी, वीस हजार चोरीपोटी आणि उपचारासाठी उरलेले तीस, असा प्रकार निघू शकतो. पहिला प्रश्न एकच विचारा: सर्जरी आणि ॲडमिट होण्याच्या खर्चासाठी वेगळी रक्कम किती? बाकीची बेरीज विसरा.

घराण्याचा दुसरा परिणाम असा की स्वतःच्या मेडिक्लेमवरून केलेले अंदाज इथे चुकतात. कंपनी बदलली तरी जुन्या पॉलिसीत पूर्ण केलेला वेटिंग पीरियड (क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ) सोबत नेता येणं, ठरावीक वर्षं सलग प्रीमियम भरल्यावर जुन्या आजाराचं कारण देऊन क्लेम नाकारता न येणं, पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत परत करण्याची सोय, हे सगळं माणसांच्या आरोग्य विम्यासाठी आहे. आयकरातली आरोग्य विम्याची वजावटही स्वतः, जोडीदार, मुलं आणि आईवडील यांच्यापुरतीच. तेव्हा इथे पॉलिसीत छापलंय तेवढंच तुमचं.

मावसबहिणीचं म्हणणं खोटं नाही, पण ते इथे लागू नाही. ब्रिटनमध्ये 'लाइफटाइम' नावाचा प्रकार मिळतो. दरवर्षी नूतनीकरण केलं की उपचाराची मर्यादा नव्याने भरते आणि आयुष्यभर चालणारा त्वचेचा आजार किंवा मधुमेह वर्षानुवर्षं कव्हरमध्ये राहतो. तिथले बरेच दवाखाने परस्पर कंपनीकडे क्लेम पाठवतात. आपल्याकडच्या पॉलिसी साधारणपणे एका वर्षाच्या, बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग मागायचं अशा. या वर्षी निघालेला दीर्घ आजार पुढच्या वर्षी 'आधीपासून असलेला' म्हणून धरणार का, हे वर्डिंगमध्ये शोधून काढायला लागतं. ते वाक्य सापडलं नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग पुढचा आहे. बिल येतं कुठून, आणि पॉलिसी पैसे देते कुठे, या दोन जागा जुळतात का ते बघायचं.

महाराष्ट्रात तरुण लॅबवर (लॅब्राडोरवर) होणारा खर्च बहुतेक ओपीडीत होतो. कानाचं इन्फेक्शन, त्वचेची ॲलर्जी, जुलाब-उलट्या आणि पावसाळ्याच्या आगेमागे गोचीडताप. गोचीडतापाचंच घ्या. कुत्रं दोन दिवस मलूल, ताप, खाणं बंद, रक्तात प्लेटलेट्स घसरलेल्या. रक्ततपासणी, एर्लिकियाची (गोचिडातून येणाऱ्या जंतूची) टेस्ट, साधारण २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मध्ये दोनदा पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). यात ॲडमिट व्हायची गरज बहुधा पडतच नाही. ओपीडी कव्हर नसेल तर या सगळ्यावर एक रुपया मिळणार नाही. ओपीडी कव्हर जादा प्रीमियम भरून घेता येतं, पण त्याची वर्षाची मर्यादा छोटी असते आणि प्रत्येक भेटीमागे काही ठरावीक रक्कम (डिडक्टिबल) तुमच्या खिशातून जाते. जादा प्रीमियम आणि त्यातून जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम कागदावर शेजारी शेजारी लिहा. चार हजार भरून दहा हजारांची मर्यादा आणि त्यावर वीस टक्के को-पे (क्लेममधला तुम्ही सोसायचा वाटा) असेल, तर ते न घेता तेच चार हजार बाजूला ठेवलेले बरे.

याहून नाजूक जागा म्हणजे 'हॉस्पिटलायझेशन' या शब्दाची व्याख्या. बऱ्याच वर्डिंगमध्ये सलग चोवीस तास दाखल असणं अशी अट असते. आपल्याकडचे कितीतरी चांगले दवाखाने रात्री बंद असतात. पार्वो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेलं पिल्लू सकाळी आणतात, चार तास सलाईन चालतं, पायातली सुई बँडेजखाली तशीच ठेवून संध्याकाळी घरी पाठवतात, दुसऱ्या दिवशी परत. असे पाच-सहा दिवस. पिल्लाच्या जिवाच्या दृष्टीने ही ॲडमिट करण्याइतकीच गंभीर ट्रीटमेंट, पण कागदावर त्या सहा ओपीडी भेटी. नसबंदी, गाठ काढणं, जखम शिवणं हेही सकाळी नेऊन संध्याकाळी घरी असंच होतं. म्हणून वर्डिंगमध्ये 'डे केअर' हा शब्द आहे का, सर्जरीला चोवीस तासांची अट माफ आहे का, आणि रोज सलाईनला नेणं कशात धरतात, हे तीन मुद्दे नक्की करून घ्या. आणि आजच शोधून ठेवा की तुमच्या घरापासून अर्ध्या तासात रात्रभर डॉक्टर हजर असलेलं हॉस्पिटल कुठलं. विमा असो वा नसो, तो नंबर फ्रिजवर हवा.

आकडे मांडले की वडिलांशी बोलणं सोपं जाईल. न ऑपरेट केलेल्या मादीत पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं, हा जीवघेणा प्रकार हीटनंतर साधारण महिना-दोन महिन्यांत दिसतो. वय वाढतं तसा धोका वाढतो. समजा त्याचं बिल ४२,००० झालं. तपासणी ८००, सोनोग्राफी २,०००, रक्ततपासण्या २,२००, ऑपरेशन आणि भूल १८,०००, तीन दिवस दाखल ४,५००, सलाईन आणि इंजेक्शनं ६,५००, गळ्यातला कोन आणि खास खाणं ३,०००, घरी गेल्यावरची औषधं ४,०००, टाके काढणं १,०००. पॉलिसीत सर्जरीची मर्यादा पन्नास हजार आहे, म्हणजे सगळे मिळतील असं वाटतं. आता कात्री लावू. ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्या धरत नाहीत, ५,००० गेले. कोन आणि खाणं नाही, ३,००० गेले. घरची औषधं आणि टाके नाहीत, आणखी ५,०००. दाखल राहण्याला दिवसाला हजाराची सब-लिमिट (एकूण मर्यादेच्या आतली त्या बाबीची वेगळी मर्यादा), म्हणजे १,५०० गेले. उरले २७,५००. त्यावर वीस टक्के को-पे ५,५००. हातात २२,०००.

यात कंपनीने फसवलं असं काही नाही. सगळं वर्डिंगमध्ये आधीच लिहिलेलं असतं. तरी बावीस हजार म्हणजे साडेतीन वर्षांचा प्रीमियम एका आजारात परत. मात्र हेच बिल शून्यावरही येऊ शकतं, कारण काही वर्डिंगमध्ये 'प्रजननाशी संबंधित सर्व विकार' वगळलेले असतात आणि पायोमेट्रा त्यात बसवता येतो. तुमच्या मादीसाठी हा प्रश्न नाव घेऊन विचारा. आणि पिल्लं घ्यायची नसतील तर डॉक्टरांशी बोलून नसबंदी करून टाका. तिचा खर्च विमा सहसा देत नाही, पण पायोमेट्राचा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि हा कुठल्याही पॉलिसीपेक्षा खात्रीचा बंदोबस्त आहे.

आता 'याच महिन्यात' का म्हटलं ते. पॉलिसी सुरू होण्याआधी तिच्या फाइलमध्ये जे काही लिहिलं गेलं, ते सगळं आधीपासूनचं म्हणून वगळलं जातं. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा डिस्प्लेशिया, म्हणजे सांधा नीट न घडणं, नेहमी आढळतो आणि त्याची पहिली चिन्हं वाढत्या वयातच दिसतात. एखाद्या सकाळी जिने चढताना ती मागचा पाय जरा उचलून टाकते, तुम्ही दाखवायला नेता आणि डॉक्टर केस पेपरवर लिहितात: 'उजवा मागचा पाय, अधूनमधून लंगडणे'. एवढ्या एका ओळीने पुढे कधीही होणाऱ्या खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनवर प्रश्नचिन्ह लागतं. चौदाव्या महिन्यात फाइल कोरी असेल तर ती आजची सगळ्यात मोठी जमा आहे.

पण ती ओळ आधीच असेल तर ती लपवू नका, आणि डॉक्टरांना ती गाळायलाही सांगू नका. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये सरळ लिहा. क्लेमच्या वेळी कंपनी जुने केस पेपर मागवते, आणि लपवलेलं सापडलं तर पायाचा क्लेम तर जातोच, शिवाय सबंध पॉलिसी रद्द होऊ शकते. खरं सांगून एक पाय वगळलेली पॉलिसी चालते, कारण बाकीचं कुत्रं कव्हरमध्ये राहतं. शिवाय डिस्प्लेशिया आनुवंशिक असल्यामुळे काही योजना तो कोऱ्या फाइललाही देत नाहीत. 'जन्मजात व आनुवंशिक' हे शब्द कुठे येतात ते वर्डिंगमध्ये शोधा. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना खुबा, पग जातीला श्वास, डॅशहंडला पाठीचा मणका, ग्रेट डेनला पोटाला पीळ. जातीचा नेहमीचा आजार वगळलेला असेल तर त्या जातीसाठी ती पॉलिसी अर्धीच.

वेटिंग पीरियडबद्दल लांबण लावत नाही. अपघाताला तो बहुधा नसतो किंवा थोडे दिवस असतो, आजारांना काही आठवडे, काही ठरावीक आजारांना त्याहून जास्त. मोजणी प्रीमियम जमा झाल्यावर सुरू होणाऱ्या पॉलिसीच्या तारखेपासून होते, फॉर्म भरल्या दिवसापासून नाही. गोचीडतापाचं पीक पावसाळ्यात येतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये घेतलेली पॉलिसी पावसाळ्यात कामाला येते. नूतनीकरण चार दिवस जरी चुकलं तरी वेटिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

लसीकरण कार्डाकडे आता कंपनीच्या नजरेने बघा. पार्वो, डिस्टेम्पर, लेप्टो, हिपॅटायटिस, रेबीज, यांपैकी ज्याची लस मिळते असा आजार झाला आणि कार्डावर त्या वर्षीचा डोस नसेल, तर क्लेम बसत नाही. डोस दिलेला असणं पुरेसं नाही, तो कार्डावर दिसायला हवा: लसीच्या बाटलीचं बॅच नंबर असलेलं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. अनेक कार्डांवर नुसती पेनाने लिहिलेली तारीख असते. दवाखान्यात जाऊन ते पूर्ण करून घ्या. केनेलवाल्याने किंवा 'कंपाउंडर'ने घरी येऊन टोचलेली लस कार्डावर धरली जात नाही. गोचिडाच्या गोळ्यांची बिलंही ठेवा. प्रतिबंध केला नाही म्हणून क्लेम कापायचा मुद्दा निघाला तर तीच उपयोगी पडतात.

ओळखीचा मुद्दा कंपनीच्या बाजूनेही रास्त आहे. दोन पिवळे लॅब फोटोत सारखेच दिसतात. म्हणून मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, पंधरा आकडी नंबर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचीच हवी, म्हणजे कुठल्याही नेहमीच्या स्कॅनरवर वाचता येते. बसवल्याबरोबर डॉक्टरांना स्कॅन करायला लावा, आकडे मोठ्याने वाचायला सांगा आणि स्टिकर लसीकरण कार्डावर डकवा. काही कंपन्या चिप असलेल्या कुत्र्याला प्रीमियममध्ये सूटही देतात. शिवाय दिवसाच्या उजेडात फोटो काढा: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा, मागून शेपटी, आणि छातीवरचा पांढरा डाग किंवा कानावरची जुनी खूण जवळून.

नाव, रंग आणि जन्मतारीख सगळीकडे एकच ठेवा. कार्डावर 'फॉन', पॉलिसीत 'यलो', महापालिकेच्या परवान्यावर 'ब्राउन', असं असेल तर क्लेमच्या वेळी पत्रापत्री होते. पेडिग्री कागद नसेल तर जातीच्या रकान्यात खरं ते लिहा. मिश्र असेल तर मिश्र. आपले गावठी कुत्रे आता बऱ्याच योजनांत बसतात, तेव्हा 'लॅब' लिहून काही पदरात पडत नाही. कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांनी मात्र जातीच्या यादीत नाव आहे का ते आधी बघावं, नसेल तर कंपनीकडून लेखी मान्यता घ्यावी. पुणे महापालिकेचा श्वान परवाना काढलेला नसेल तर तोही आताच काढा.

जोडकव्हरांत मृत्यूचं कव्हर लोक आधी बघतात, पण पाळलेल्या कुत्र्यासाठी त्याचं महत्त्व मला सगळ्यात कमी वाटतं. रक्कम खरेदीच्या किंवा बाजारभावाच्या मर्यादेत, आणि वयाबरोबर बाजारभाव उतरत जातो. घेतलंच असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: अंत्यसंस्कारापूर्वी कंपनीला कळवायचं आणि शवविच्छेदन लागतं का ते विचारायचं. दुःखाच्या भरात लोक दोन तासांत पुरून टाकतात आणि मग दाखला कुठून आणायचा हा प्रश्न पडतो. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. चोरीच्या कव्हरला पोलिसांतली नोंद लागते. हात सोडवून पळालं आणि चोरीला गेलं हे दोन वेगळे प्रकार धरतात का, तेही वाचा.

तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं, म्हणजे 'थर्ड पार्टी लायबिलिटी'चं कव्हर मात्र सोसायटीत राहणाऱ्याने जरूर घ्यावं. लॅब सहसा चावत नाही, पण जिन्यात अंगावर उडी मारून आजींना पाडू शकते, आणि खुब्याचं हाड मोडलं तर भरपाईचा आकडा कुत्र्याच्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा मोठा होतो. दोन मर्यादा लक्षात ठेवा. घरचे लोक आणि घरकामाला येणाऱ्या ताई यात बहुधा धरत नाहीत. आणि हे कव्हर दिवाणी भरपाईसाठी असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली निष्काळजीपणाची कारवाई झाली तर तो दंड तुमचा तुम्हीच भरायचा. घटना घडल्यावर जखमी माणसाला तातडीने दवाखान्यात न्या, ते माणुसकीने करायचंच. पण 'सगळा खर्च आमचा' असं लेखी देण्याआधी कंपनीला कळवा, नाहीतर परस्पर जबाबदारी मान्य केली म्हणून कंपनी अंग काढून घेऊ शकते.

दोन-तीन कंपन्यांची वर्डिंग काढली की त्यांना ईमेल पाठवा. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं. ईमेल एवढाच पुरेल:

'चौदा महिन्यांची लॅब्राडोर मादी, मायक्रोचिप आहे, लसीकरण पूर्ण, नसबंदी झालेली नाही. कृपया कळवा: सर्जरी व दाखल होण्याची वार्षिक मर्यादा आणि त्यातल्या सब-लिमिट, चोवीस तासांपेक्षा कमी वेळ दाखल असल्यास क्लेम मिळतो का, दाखल होण्याआधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं धरतात का, किती दिवसांची, हिप डिस्प्लेशिया, पायोमेट्रा, गुडघ्याच्या लिगामेंटची सर्जरी आणि गोचीडताप कव्हरमध्ये आहेत का, को-पे व डिडक्टिबल किती आणि आधी कोणतं वजा होतं, या वर्षी निघालेला आजार पुढच्या वर्षी चालू राहतो का, कितव्या वर्षापर्यंत नूतनीकरण होतं, करासकट प्रीमियम किती आणि क्लेम घेतल्यावर तो वाढतो का.'

जी कंपनी आठवडाभरात मुद्देसूद उत्तर देते ती क्लेमच्या वेळीही बरी निघण्याची शक्यता जास्त. उत्तर पॉलिसीबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नूतनीकरणाच्या वयाचं उत्तर नीट वाचा. मोठ्या जातींना काही योजना आठव्या-दहाव्या वर्षी थांबवतात, म्हणजे खर्चाचं वय सुरू होतं तेव्हाच. हे आधी कळलं तर तोवर दुसरी सोय करता येते.

क्लेमच्या दिवशी काय करायचं ते आता. ॲडमिट केल्याबरोबर कळवा. मुदत किती तासांची ते पॉलिसीत असतं आणि उशीर हे नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण ठरतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी लेखी मंजुरी लागते का तेही बघा. दवाखान्यात चिप स्कॅन करून नंबर केस पेपरवर लिहायला सांगा आणि सलाईन चालू असतानाचा तिचा फोटो काढा. बिल लेटरहेडवर लिहिलेला एक गोळाबेरीज आकडा नको. बिल नंबर, तारीख, कुत्रीचं नाव, प्रत्येक बाबीची वेगळी रक्कम, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. 'सर्जरी पॅकेज ३५,०००' असं लिहिलं की कुठली सब-लिमिट कशाला लावायची ते कंपनी स्वतः ठरवते. औषधं माणसांच्या मेडिकलमधून आणली तर बिलावर तुमचं नाव येतं. दुकानदाराला कुत्रीचं नाव आणि डॉक्टरांचं नाव लिहायला सांगा, चिठ्ठीची प्रत जोडा. क्लेम फॉर्मचा एक भाग डॉक्टर भरतात. त्यात 'लक्षणं केव्हापासून' हा रकाना असतो. घाईत 'बरेच दिवस' असं लिहिलं गेलं तर तो आजार वेटिंग पीरियडच्या आत ढकलला जातो. डॉक्टरांना नेमकी तारीख सांगा आणि तीच लिहायला लावा. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा.

क्लेम नाकारला तर फोनवर वाद घालत बसू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, ते कलम वर्डिंगमध्ये काढा आणि त्यावरच उत्तर द्या, शक्य तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा त्यांचाच १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. 'डॉक्टर म्हणतात लंगडणं पॉलिसीनंतरचं आहे, हा केस पेपर, ही तारीख' अशी एका पानाची मांडणी तिथे उपयोगी पडते.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तेही सोडू नका. विमा मोठ्या, अचानक बिलासाठी ठेवा आणि रोजच्या खर्चासाठी बँकेत दीड हजारांचं आवर्ती खातं उघडा. वर्षाला अठरा हजार जमतात. लसी, गोचिडाच्या गोळ्या, कानाचं औषध आणि विम्यातून कापली गेलेली रक्कम त्यातून जाईल. ओपीडीचं जोडकव्हर न घेता सर्जरीची मर्यादा वाढवून घ्या, तुमच्या केसमध्ये हे सगळ्यात चांगलं जमतं. सर्जरीची मर्यादा पन्नास हजारांच्या खाली असेल तर मात्र ती पॉलिसी घेऊ नका, कारण रॉड-प्लेट घालायचं हाडाचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत सहज त्यापुढे जातं.

राहिला बोका. नवव्या वर्षी बऱ्याच योजना नव्याने दारात घेत नाहीत. ज्या घेतात त्या जुनं सगळं वगळून जास्त प्रीमियम लावतात, आणि या वयाचे नेहमीचे प्रश्न, म्हणजे किडनी, दात, थायरॉइड, एकतर वगळलेले किंवा ओपीडीत मोडणारे. त्याच्यासाठी प्रीमियमऐवजी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि वजन करा. किडनीचा त्रास लवकर कळला तर खाण्यापिण्यातल्या बदलाने बराच काळ सांभाळता येतो. तीस-चाळीस हजार लगेच मोडता येतील अशा ठेवीत त्याच्या नावाने वेगळे ठेवा. आणि घरातल्या प्रत्येकाला एक सांगून ठेवा: बोका रेतीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि रेती कोरडीच आहे, तर सकाळची वाट बघायची नाही. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो अडला की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्या रात्रीसाठी ही ठेव आणि फ्रिजवरचा तो नंबर.